समेवरचा डावा हात

भिवंडी,
९ सप्टेंबर २०२५

चिंधूभाऊ,

पत्र बघून घाबरू नका, कोणी गेलेलं नाही. माझे हात तेवढे जायच्या वाटेवर आहेत. संधिवात. सकाळी उठल्यावर बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी दिसतात आणि वागतातही तशीच. अदिती नावाची एक डॉक्टरीण आहे, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीची मुलगी शोभेल एवढीशी. तिने फर्मावलंय की रोज एक पान हाताने लिहायचं, नाहीतर बोटं आखडतील. शेजारच्या काकू म्हणाल्या, मग रामनाम लिहा. आठ दिवस लिहिलं. माझं अक्षर बघून रामाला वनवासच बरा वाटला असेल. म्हणून आता तुमच्यावर पाळी.

तुम्ही फोन का उचलत नाही? पाच वेळा केला. एकदा मैनावहिनींनी उचलला आणि "ते शेतावर हायेत" म्हणाल्या. भर दुपारी, धो धो पावसात शेतावर? बेडकांना ठेका शिकवताय का?

मुद्द्याचं लिहिते. मी पेटी बंद करायचं ठरवलंय. गणपतीतल्या भजनात तिसऱ्या अभंगाला माझं मधलं बोट दोन पट्ट्यांच्या मध्ये जाऊन बसलं ते उठेचना. गणपतीचे कान सुपाएवढे, पण त्याने तक्रार केली नाही. सुकन्याने केली. आमची मुख्य गायिका ती, तिला सगळ्यांच्या चुका ऐकू येतात, स्वतःच्या सोडून. पण या वेळी तिचं खरं होतं.

एकतीस वर्षं तुम्ही शाळेत घंटा दिलीत आणि मी गणित शिकवून वर प्रार्थनेला पेटी वाजवली. रिटायर झाल्यावरही भजनी मंडळात पेटी माझी नि पखवाज तुमचा. म्हणून तुम्हाला आधी सांगते. बाकी मंडळात तालासुरातलं कळतं कोणाला?

पत्र बायजाबाईच्या हाती देतेय. ती दिघाशीहून भाजी घेऊन रोज इथे मंडईत येते. तिला वाचता येत नाही ही सोय आहे, आणि न वाचताही तिला सगळं माहीत असतं ही गैरसोय.

विद्युल्लता


दिघाशी,
१३ सप्टेंबर २०२५

विद्युल्लताबाईंना चिंधूचा नमस्कार.

पत्र मिळालं. मेथीच्या जुडीत खोचून आलं, त्यामुळे मैनाने आधी ते निवडायलाच घेतलं होतं.

संधिवाताला भिऊ नका. सोबत निर्गुडीचा पाला पाठवलाय, उकळून शेक घ्या. बायजाबाई म्हणते, मधमाशी चाववून घेतली की सांधे मोकळे होतात. तिच्या दिराने हा उपाय केला. सांधे मोकळे झाले, दीर अजून पळतोय.

फोनचं म्हणाल तर आमच्याकडे रेंज न्हाय. आली तर लाईट नसते. दोन्ही असलं तर मी नसतो. तुमचं पत्रच बरं, दोनदा वाचता येतं.

पण पेटी बंद करायचं मनात आणू नका. गणपतीत मी तुमच्यापासून तीन हातांवर समोर बसलो होतो. मला एकही सूर चुकलेला ऐकू आला न्हाय. देवाशप्पथ. सुकन्याताईंचं काय ऐकता? त्यांना पोळीसुद्धा बेसूर लागते. तुम्ही सोडलीत तर मीही पखवाज खुंटीला टांगीन. दुसऱ्या कोणाच्या पेटीबरोबर मला वाजवता येणार न्हाय, हे मी तोंडदेखलं बोलत न्हाय.

मैना सांगते, पखवाजाच्या तोंडाला थापायच्या कणकेत माझ्या दोन चपात्या कमी होतात तेवढ्या होऊ दे, पण माणूस घराबाहेर जातो हे महत्त्वाचं. तरी विचार करा.

आपला,
चिंधू


भिवंडी,
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

चिंधूभाऊ,

तुमच्या पत्राने माझं वजन दोन किलोंनी वाढलं. सुकन्या गेली खड्ड्यात, आणि आपल्या रस्त्यावर त्यासाठी लांब जावं लागत नाही. तीन हातांवर बसलेल्या, पन्नास वर्षं पखवाज वाजवणाऱ्या माणसाला चूक ऐकू आली नाही, म्हणजे ती चूक नव्हतीच. दुखऱ्या बोटाने घेतलेली हरकत होती.

तुमच्या निर्गुडीने घरभर असा वास सुटला की खालच्या मजल्यावरचे अन्सारीभाई वर विचारायला आले, "मॅडम, कुछ जल रहा है क्या?" मी म्हटलं, जल तो मैं रही हूँ. अदितीकडे वेगळाच प्रकार. ती माझे हात पातळ केलेल्या गरम मेणात बुडवते. वीस मिनिटं मी मेणबत्ती होऊन बसते. लाईट गेले तर मला पेटवा म्हटलं. हसली नाही. हल्लीच्या डॉक्टरांना हसायचं शिकवत नाहीत.

आज पेटीची पूजा केली. फूल वाहिलं, हळद लावली, आणि मग वाटलं, पूजा करून वाजवायची नाही म्हणजे पाहुण्याला पाटावर बसवून उपाशी उठवणं. वाजवली. उजवा हात बरा चालला, चार बोटांवर. खरी कुरकुर डाव्याची आहे. भाता ओढताना अंगठ्याच्या बुडापासून कळ येते ती थेट कोपरापर्यंत.

यावर सुकन्याने तोडगा काढलाय. तिच्या मुलाचा इलेक्ट्रिक कीबोर्ड. भाता नाही, पट्ट्या लोण्यासारख्या. आधी मी नाक मुरडलं, मग तिच्या घरी तासभर वाजवून आले आणि एकदाही दुखलं नाही. दत्तजयंतीला पडघ्याला भजनस्पर्धा आहे. आपलं मंडळ जातंय. तुमच्याच जिवावर मी हो म्हटलंय.

विद्युल्लता


दिघाशी,
७ ऑक्टोबर २०२५

बाईंना नमस्कार.

स्पर्धेला येतो. पण कीबोर्ड नको.

कारणं सांगतो. एक, पडघ्याच्या लाईटचा भरवसा न्हाय. दुसरं, परीक्षक जुने असतात, ते वायर बघून मार्क कापतात. तिसरं, दत्ताला आवडणार न्हाय. त्याला तीन डोकी आहेत, एकाला आवडलं तरी बाकीची दोन नाराज होणार.

तुम्ही पेटीच आणा. अर्धाच वेळ वाजवा, हळू वाजवा, चुकीचं वाजवा, पण भाता असू द्या. आणि माझ्या समोर बसा, नेहमीसारख्या.

मैना शेजारी बसून कधीपासून काहीतरी बोलतेय. तिच्याकडे लक्ष देऊ नका. मीही देत न्हाय.

चिंधू


भिवंडी,
२० नोव्हेंबर २०२५

चिंधूभाऊ,

तुमची तिन्ही कारणं वर्गात वाचून दाखवली असती तर पोरांनी बाकं वाजवली असती. जुनं ते सोनं म्हणणं सोपं आहे. ते सोनं ओढायला दुखऱ्या हाताची माणसं लागतात. डावा हात आता पाण्याचा तांब्यासुद्धा उचलत नाही. कीबोर्डच आणणार आहे. तुम्हाला काय, तुम्ही कशाहीबरोबर वाजवाल.

सरावाला दोन्ही वेळा आला नाहीत. बायजाबाईला विचारलं तर म्हणाली, "त्यांना मागून हाक मारली तरी वळत न्हायती." एवढी ऐट कधीपासून आली?

४ तारखेला चार वाजता, पडघ्याच्या बाजारातल्या मंडपात. पांढरा सदरा घाला, पिवळा नको.

विद्युल्लता


भिवंडी,
६ डिसेंबर २०२५

चिंधू,

भाऊ मुद्दाम लिहिलेलं नाही.

अदितीने रोज एक पान सांगितलंय. आज चार होतील.

दोनशे माणसांसमोर तुम्ही जे केलंत ते मी क्रमाने लिहिते, म्हणजे तुम्हाला नाकबूल करता येणार नाही. पहिला अभंग, तुम्ही सुरुवातीपासून अर्धी मात्रा मागे. मला वाटलं, लागेल गाडी रुळावर. तुम्ही माझ्याकडे टक लावून बघत होतात, मांजराने दुधाच्या पातेल्याकडे बघावं तसे. माझा डावा हात मांडीवर, पदराखाली, गरम पाण्याच्या पिशवीवर. दुसरा अभंग, सुकन्या दुसऱ्या चरणात, तान अर्ध्यावर. माझा चष्मा घसरला. मी डाव्या हाताने तो वर सारला. एवढंच केलं हो मी! आणि तुम्ही धडाधड समारोपाची तिहाई घेतलीत, शेवटची थाप दिलीत आणि डोळे मिटून हात जोडलेत!

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढचं मंडळ टाळ घेऊन पायऱ्या चढायला लागलं. सुकन्या तोंड उघडं टाकून तशीच. मी घाबरून हाताने "थांबा, थांबा" केलं, तर तुम्ही डोळे उघडून पुन्हा सुरू, आणि ते दुप्पट लयीत! परीक्षकांनी चहा मागवला.

आपल्याला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. त्या दिवशी माइक लावणाऱ्यालाही उत्तेजनार्थ मिळालं.

नंतर मी बाजारातून तुमच्यामागे आले. तीन हाका मारल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी आले, लक्षात घ्या. तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत.

दिवसाढवळ्या घेतली होती, की कीबोर्डचा राग काढलात? मी तुमच्या एका वाक्यावर पुन्हा वाजवायला बसले होते. माझी बोटं जातायत हे माझं मला दिसतं. तुम्ही म्हणालात, चूक ऐकू आली नाही. तेवढ्यावर मी तीन महिने काढले. तुम्हाला माझं हसंच करायचं होतं, तर गणपतीतच करायचं होतंत.

विद्युल्लता


दिघाशी,
११ डिसेंबर २०२५

बाई,

मला ऐकू येत न्हाय.

लिहिलं एकदाचं. आता बाकीचं लिहितो.

शाळेत लागायच्या आधी मी बारा वर्षं भिवंडीत लूमवर होतो. शिफ्ट संपली तरी कानात खडखड चालायची. अर्धे कान तिथे गेले. उरलेले तुमच्या शाळेच्या घंटेने नेले. समोर बसून कोणी बोललं तर ओठांवरून कळतं. फोनला ओठ नसतात. मागून मारलेली हाक तर माझ्यापर्यंत येतच न्हाय. पडघ्याला मी शरमेने तोंड लपवून चाललो होतो, तुम्ही मागे आहात हे मला माहीत नव्हतं.

पेटीचा सूर ऐकू येईनासा होऊन नऊ वर्षं झाली. पखवाज ऐकू येत न्हाय, पण मांडीतून कळतो. मग मी वाजवायचो कसा? तुमच्या डाव्या हाताकडे बघून. दर समेला तुम्ही भात्याला एक झटका देता. तुमच्या लक्षातही नसेल. मला ती सम दिसते. आणि अभंग संपला की तुम्ही भात्यावरचा हात उचलता आणि चष्मा वर सारता. नऊ वर्षं मी त्याच खुणेवर तिहाई घेत आलो. नऊ वर्षांत तुमचा चष्मा कधी मध्येच घसरला न्हाय, ही दत्ताचीच कृपा. पडघ्याला त्याने ती काढून घेतली.

गणपतीत एकही चूक ऐकू आली न्हाय असं लिहिलं, ते खोटं न्हाय. काहीच ऐकू आलं न्हाय. शप्पथ त्या हिशेबाने घेतली होती.

सांगितलं असतं तर मंडळाने मला घरी बसवलं असतं. तुम्ही पेटी सोडली असती तरी मी घरीच बसलो असतो. म्हणून तुम्हाला धरून ठेवलं. स्वतःसाठी धरलं, बाई. माफ करा.

चिंधू

बाई, मी मैना लिवते. यांना मी नऊ वरसं सांगतंय, बाईंना खरं काय ते सांगा. पन आयकतील ते कसले. तुमी रागवा, मारा, पन पेटी सोडू नका. यो मानूस फकस्त भजनाच्या गुरुवारी दाढी करतो. पडघ्यापासून केली न्हाय, आज गुरुवार हाय तरी.


भिवंडी,
१६ डिसेंबर २०२५

चिंधूभाऊ,

पाच दिवस काहीच लिहिलं नाही. बोटं आखडली, अदिती ओरडली. तिला म्हटलं, माणूस आखडलाय, बोटांचं काय घेऊन बसलीस.

आयुष्यात मला मिळालेली सगळ्यात मोठी दाद एका बहिऱ्याने दिली होती, हे पचायला वेळ लागला. रडले. हे लिहून कळवते, कारण तुमच्यासमोर रडले असते तर तुम्ही सम शोधत बसला असतात.

आता तो झटका. माझे गुरुजी त्यासाठी हातावर पट्टी मारायचे. भाता कसा एकसारखा चालायला हवा. समेला झटका देणारा पेटीवाला म्हणजे जेवताना मचमच करणारा जावई, असं म्हणायचे. साठ वर्षांत ती खोड गेली नाही. आणि तुम्ही तिच्यावर नऊ वर्षं संसार केलात! गुरुजी वर बसून कपाळ बडवत असतील.

कीबोर्ड सुकन्याला परत केला. काहीतरी करून बघितलंय ते सांगते. भात्याला जुन्या नऊवारीच्या काठाची पट्टी बांधली आणि तिचा फास कोपराखाली अडकवला. आता भाता बोटांनी ओढायचा नाही, अख्ख्या हाताने ओढायचा. अंगठा सुटला. दुखतं, पण खांद्यापर्यंत वाटून दुखतं. आणि हात असा हलतो की पार वडपे गावच्या गोडाऊनवरून दिसेल. तुम्हाला तीन हातांवरून दिसायला हरकत नाही.

एक अट आहे. तुमचा मुलगा भूपेश कानाचं मशीन आणतो म्हणून दोन वर्षं मागे लागलाय, हे बायजाबाईकडून कळलं. ते आणा. १ जानेवारीच्या गुरुवारी मशीन लावून समोर बसा आणि माझी पेटी एकदा खरोखर ऐका. माझ्या हातात काय उरलंय ते मला कळायला हवं. कौतुक नको, ते तुम्ही भरपूर केलंत. तुम्ही बंद करा म्हणालात, तर बंद. लिहून देते.

मंडळाला तुमच्या कानांचं सांगितलेलं नाही. मैनावहिनींना सांगा, दाढीचं साहित्य काढून ठेवा.

विद्युल्लता


दिघाशी,
३ जानेवारी २०२६

बाई,

मशीन लावलं त्या दिवशी आधी मैनाचा आवाज ऐकू आला. "चहा घेता?" एवढंच म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक आहे हे मी विसरलो होतो. अर्धा दिवस तिला बोलायला लावलं. शेवटी म्हणाली, "मशीन काढा, मना कामं हायेत."

गुरुवारचं सांगतो. तुम्ही लिहून दिलंय, तेव्हा खोटं बोलणार न्हाय. तुमचं मधलं बोट सात वेळा चुकलं. करंगळी दोनदा आलीच न्हाय. द्रुत लयीत तुम्ही निम्मे सूर गाळता. सुकन्याताई तर सुराच्या एवढ्या खाली गातात, मला कोणी आधी सांगितलं का न्हाय? मी त्यांना नऊ वर्षं फार मोठ्या गायिका समजत होतो.

पण माझा हात दुसऱ्या अभंगात थांबला, तो या चुकांमुळे न्हाय. सगळ्यांना वाटलं मशीनची बॅटरी गेली.

तुम्ही दर समेला "आई गं" म्हणता, बाई. अगदी हळू. तुम्हाला वाटतं कोणाला ऐकू जात न्हाय, आणि जातही नसेल, टाळांच्या आवाजात. मी तीन हातांवर होतो, मशीन नवीन होतं. भाता ओढला की "आई गं". पुन्हा ओढला की "आई गं". नऊ वर्षं मी ज्याच्यावर ठेका धरला, तो तुमचा त्रास होता. मी मशीन काढून खिशात टाकलं, पखवाज पुन्हा धरला, पण मग तुमचे ओठ दिसायला लागले.

तुम्ही मला विचारलंत. मी सांगतो, बंद करा. माझ्यासाठी तर मुळीच वाजवू नका. पखवाज गोणपाटात बांधून ठेवलाय.

चिंधू


भिवंडी,
६ जानेवारी २०२६

चिंधूभाऊ,

तुम्ही म्हणालात तर बंद, असं मी लिहून दिलं होतं. आता ते खोडते. गणिताची बाई आहे, उत्तर चुकलं की खोडायचं एवढंच मला येतं.

आधी तुमची बेरीज दुरुस्त करते. झटका जुना, "आई गं" नवीन. झटका मी आठ वर्षांची असल्यापासून देतेय. तेव्हा मला काही दुखत नव्हतं, फक्त गुरुजींची पट्टी लागायची. तेव्हा नऊ वर्षं तुम्ही माझा त्रास वाजवलात वगैरे म्हणून भाव खाऊ नका. तुम्ही माझी खोड वाजवलीत.

आता "आई गं"चं. कुकरचं झाकण लावताना मी "आई गं" म्हणते. वेणी घालताना म्हणते. दाराची कडी काढताना म्हणते. दिवसभर म्हणते, चिंधूभाऊ, आणि या घरात ते ऐकायला भिंती आहेत. पेटी बंद केली तर दुखायचं थांबणार आहे का? फक्त वाजवायचं थांबेल. दुखणं तेवढंच राहील आणि त्याच्या जोडीला पखवाज नसेल. असा आतबट्ट्याचा व्यवहार मला कोणी शिकवलेला नाही.

सात चुका मोजल्यात त्याबद्दल आभारी आहे. मी नऊ मोजल्या होत्या. दोन तुम्हाला अजूनही ऐकू आल्या नाहीत, त्या तुम्हाला बक्षीस. द्रुत लय सोडून देऊ. आपल्या वयाच्या माणसांना देवाकडे घाईने जायचं कारणच काय? सुकन्याला मी सांगितलंय, यापुढे सगळं विलंबित. ती म्हणाली, लोक झोपतील. म्हटलं, झोपू देत, टाळ्या तरी चुकीच्या जागी वाजवणार नाहीत.

पखवाज गोणपाटातून काढा. गुरुवारी या. माझ्या तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. मशीन लावायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

फक्त एक सांगा. त्या दिवशी मशीन लावून तुम्ही नीट ऐकलंत ना? "आई गं" समेवरच येत होतं?

मग झालं तर.

विद्युल्लता